शिष्यवृत्तीला तारीख कोणती?

महिना संपत आला की आम्हा प्राध्यापकांच्या खोलीत एक प्रश्न हमखास निघतो : पगारपत्रक गेले काय? पगार चार दिवस लांबला तरी चेहर्‍यांवर चिंता दिसू लागते आणि संघटनेच्या पदाधिकार्‍यांना दूरध्वनी जातात. त्यात गैर काही नाही. घरभाडे, वाण्याची उधारी, बँकेचा हप्ता या सार्‍यांना तारीख असते. म्हणून पगारालाही तारीख असावी लागते. परंतु आमच्याच समोरच्या बाकांवर बसणार्‍या मुलांच्या उपजीविकेसाठी सरकारदरबारी एक रक्कम मंजूर होते आणि तिला मात्र तारीख नसते, ही गोष्ट आमच्या फारशी लक्षात येत नाही. ती रक्कम म्हणजे शिष्यवृत्ती.

काही वर्षांपूर्वी द्वितीय वर्ष कला शाखेतील एक विद्यार्थी सकाळच्या पहिल्या तासाला नेमाने डुलक्या घेत असे. एकदा मी त्याला वर्गाबाहेर काढले. पुढे कार्यालयातील लिपिकाकडून कळले की, हा मुलगा हमरस्त्यावरील पेट्रोल पंपावर रात्रपाळी करतो आणि तेथूनच थेट वर्गात येतो. आदल्या वर्षाची त्याची शिष्यवृत्ती अद्याप जमा व्हावयाची होती. खोलीचे भाडे आणि दोन वेळचा डबा मात्र थांबावयास तयार नव्हते. दिवाळीनंतर तो वर्गात दिसला नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याच लिपिकाने सांगितले, ‘सर, त्याचे पैसे आले.’ पैसे आले तेव्हा विद्यार्थी गेलेला होता. योजनेच्या अहवालात तो लाभार्थी म्हणून मोजला गेला असेल. आमच्या हजेरीपटावर त्याच्या नावापुढे रेघ ओढलेली होती.

ज्या दिवशी मी त्याला बाहेर काढले त्या दिवशी फळ्यावर ‘संधी-खर्च’ ही संकल्पना शिकवीत होतो, हे सांगताना संकोच वाटतो. शिक्षणाचा खर्च म्हणजे केवळ फी नव्हे. शिकत असताना जी मजुरी बुडते तोही खर्चच असतो. मध्यमवर्गीय घरात ही बुडालेली मजुरी कोणाच्या ध्यानातही येत नाही. शेतमजुराच्या घरात मात्र वयात आलेल्या मुलाची रोजची मजुरी ही घराच्या जमाखर्चातील एक मोठी बाब असते. फी माफ झाली म्हणजे शिक्षण मोफत झाले, असे आपण मानतो. अनुदानित महाविद्यालयातील बी. ए. किंवा बी. कॉम.ची फी ही त्या मुलाची सर्वांत लहान अडचण असते. पोट आणि निवारा ही मोठी.

ही जाण आपल्याकडे नव्हती असे नाही. इंटर उत्तीर्ण झालेल्या भीमराव आंबेडकरांचे पुढील शिक्षण पैशाअभावी अडले, तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुस्कर यांनी त्यांची गाठ सयाजीराव गायकवाड यांच्याशी घालून दिली आणि महाराजांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात जाण्यासाठी बडोदे संस्थानाने जी शिष्यवृत्ती दिली तीही दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी, अशीच ठरलेली होती. येथे ‘दरमहा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. भूक दररोज लागते आणि भाडे दरमहा द्यावे लागते, हे देणार्‍याने ओळखले होते. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहांना जो आश्रय दिला, त्यामागेही हाच विचार होता. शाळेचे दार उघडे ठेवून भागत नाही; दाराशी येणार्‍याला रात्री कोठे टेकावयाचे आणि काय खावयाचे, याचीही सोय लागावी लागते.

पुढे हे काम शासनाने हाती घेतले, ही मोठीच गोष्ट झाली. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली. यशवंतराव चव्हाण यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात वार्षिक बाराशे रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलांना फी माफ झाली, आणि ‘ई.बी.सी.’ ही तीन अक्षरे खेड्यापाड्यांत पोहोचली. आज मोठ्या हुद्द्यांवर असलेल्या कितीतरी मराठी माणसांच्या पहिल्या पदवीमागे ही अक्षरे उभी आहेत. तेव्हा योजना नाहीत ही तक्रार नाही. तक्रार निराळी आहे.

पहिली गोष्ट रकमेची. केंद्राच्या मॅट्रिकोत्तर योजनेत बी. ए., बी. कॉम. यांसारख्या साध्या पदवी अभ्यासक्रमाला असलेल्या, वसतिगृहाबाहेर राहणार्‍या विद्यार्थ्याचा निर्वाहभत्ता २०१० साली दरमहा ३०० रुपये, दहा महिन्यांसाठी, म्हणजे वर्षाला ३,००० रुपये ठरला. २०२१ साली योजना सुधारली, भत्त्याचे नाव बदलले; या गटाची रक्कम मात्र वर्षाला ३,००० रुपयेच राहिली. बारा महिन्यांवर विभागली तर महिना अडीचशे रुपये. आमच्या गावी दोन वेळच्या डब्याला महिन्याला पावणेतीन हजार मोजावे लागतात. म्हणजे अडीचशे रुपयांत तीन दिवसांचे जेवणही होत नाही. एका संस्थानिकाने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी जेवढे दिले त्याच्या दहापट आपण देतो, असे कोणी म्हणेल. परंतु या काळात रुपयाचे काय झाले हे सांगावयास अर्थशास्त्राचा प्राध्यापक लागत नाही.

जेवणखाणाचा खरा खर्च शासनाला ठाऊक नाही असेही नाही. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याने २०१६-१७ पासून ‘स्वाधार’ योजना सुरू केली. तिच्या मूळ दरांनुसार पुणे-मुंबईसारख्या शहरांत वर्षाला ६० हजार रुपये धरले गेले आणि त्यांपैकी ३२ हजार केवळ भोजनासाठी होते. एकच शासनव्यवस्था एका कागदावर भोजनाचे ३२ हजार मान्य करते आणि दुसर्‍या कागदावर सार्‍या निर्वाहासाठी तीन हजार पुरेत म्हणते. पहिला कागद ज्याच्या वाट्याला आला तो शिकतो. दुसरा ज्याच्या वाट्याला आला तो पंपावर जातो.

आम्हा नोकरदारांचा महागाई भत्ता जानेवारी आणि जुलै अशा दोन तारखांनी वाढत जातो. किंमतींचा निर्देशांक वर गेला की भत्ता वर जातो. त्यासाठी दर वेळी नव्याने दया मागावी लागत नाही. हाच निर्देशांक विद्यार्थ्याच्या ताटाला का लागू नसावा? डाळीचा भाव पगारदाराला एक आणि विद्यार्थ्याला दुसरा, असे तर नसते!

दुसरी गोष्ट वेळेची. २०२१ च्या सुधारणेनंतर या योजनेचा ६० टक्के भार केंद्राने आणि ४० टक्के राज्याने उचलावा असे ठरले. राज्याने आपला वाटा जमा केल्यावरच केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यावर जातो. मधले हात टळावेत हा हेतू चांगला आहे. पण अर्ज, महाविद्यालयाची पडताळणी, जिल्हा कार्यालयाची मंजुरी, राज्याचा हिस्सा आणि मग केंद्राचा हिस्सा या साखळीत एक कडी अडली की सारेच अडते. आधारक्रमांक बँकेच्या खात्याशी जोडलेला नाही एवढ्या कारणावरूनही अर्ज पडून राहिलेले मी पाहिले आहेत. या दिरंगाईचा अर्थ अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचा तर, राज्यातील सर्वांत गरीब कुटुंबे शासनाला बिनव्याजी कर्ज देत असतात. आणि ते देता यावे म्हणून स्वतः सावकाराकडून व्याजाने काढीत असतात.

तिसरी गोष्ट दिशेची. आपल्या बहुतेक सवलती फीशी बांधलेल्या आहेत. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या इतर मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ झाली, याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु मदत फीच्या प्रमाणात दिली की अभ्यासक्रम जितका महाग तितकी मदत मोठी, हे ओघाने येते. केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेली विद्यालक्ष्मी कर्जयोजनाही मंजुरीच्या वेळी देशातील निवडक ८६० संस्थांसाठी होती. तालुक्याच्या महाविद्यालयात इतिहास किंवा मराठी घेऊन बी. ए. करणार्‍या मुलाला फीही थोडी आणि म्हणून मदतही थोडी. त्याची भूक मात्र अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याइतकीच असते.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. फुकट मिळालेल्याची किंमत राहत नाही; कर्मवीरांनी ‘कमवा आणि शिका’ सांगितले, मग मुलांनी कष्ट का करू नयेत? कर्मवीर भाऊराव पाटलांचे नाव घेणार्‍यांनी त्यांचे काम नीट पाहावे. त्यांनी मुलांना कष्ट करावयास लावले, पण त्याआधी डोक्यावर वसतिगृहाचे छप्पर दिले. ते काम शिक्षणाच्या वेळापत्रकात बसविलेले होते. शिक्षण कामाच्या उरलेल्या वेळात कोंबलेले नव्हते. रात्रभर पंपावर उभे राहून सकाळी वर्गात झोपणे याला स्वावलंबन म्हणणे म्हणजे कर्मवीरांचे नाव घेऊन आपली जबाबदारी झटकणे होय.

करावयाचे काय, हे अवघड नाही. निर्वाहभत्ता महागाईच्या निर्देशांकाशी जोडावा. तो फीच्या परताव्यापासून वेगळा काढून जुलैपासून दरमहा ठरल्या तारखेला द्यावा, आणि हप्ता चुकल्यास व्याज देण्याचे बंधन शासनाने स्वतःवर घालून घ्यावे. पहिल्या वर्षी पात्र ठरलेला विद्यार्थी पुढच्या वर्षी नापास झालेला नसेल, तर त्याने पुन्हा गरिबी सिद्ध करीत बसू नये.

हे होईतो आपणही हात बांधून बसण्याचे कारण नाही. पुण्यात डॉ. अच्युत आपटे यांनी १९५५ साली विद्यार्थी सहाय्यक समिती स्थापन केली ती खेड्यातून आलेल्या मुलांच्या निवास-भोजनाच्या प्रश्नातूनच. प्रत्येक महाविद्यालयात शिक्षकांनी आणि कर्मचार्‍यांनी आपल्या वाढलेल्या महागाई भत्त्याचा एक महिन्याचा फरक एका निधीत टाकावा. मंजूर शिष्यवृत्तीच्या आधारावर मुलाला त्यातून उचल द्यावी आणि रक्कम आली की त्याने ती परत करावी. पैसा फिरता राहील. हे दान नव्हे. शासनाच्या देण्यावर दिलेली आगाऊ रक्कम होय.

त्या विद्यार्थ्याच्या वेळी असा निधी आमच्याकडे असता, तर चार-पाच हजारांच्या उचलीत त्याचे वर्ष निभावले असते. आमच्याजवळ तेवढे पैसे होते. कोणी विचारले नव्हते, एवढेच. येत्या महिन्यात पगारपत्रक गेले काय, असे आपण विचारू तेव्हा शेजारच्या टेबलावर आणखी एक प्रश्न विचारावा : मुलांची शिष्यवृत्ती आली काय?