संकेतस्थळाकडे रुग्णांची पावले : अल्प खर्चातील मार्ग आणि मर्यादा

दवाखान्याचे अथवा औषधनिर्माणशाळेचे संकेतस्थळ तयार करून घेणे ही आता नवलाई राहिलेली नाही. आपल्या अनेक सभासदांनी त्यासाठी खर्च केला आहे. परंतु पहिल्या काही आठवड्यांचे कौतुक ओसरले की त्या स्थळाकडे कोणी फिरकत नाही, असा बहुतेकांचा अनुभव असतो. मग "महिनाभरात पहिल्या क्रमांकावर आणून देतो" असे सांगणारे दूरध्वनी येऊ लागतात आणि दरमहा काही हजार रुपये त्या आश्वासनामागे जातात. वास्तविक, शोधयंत्रात पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे खुद्द गूगलनेच आपल्या मार्गदर्शनात सांगून ठेवले आहे. प्रस्तुत लेखात आम्ही अल्प खर्चाचे किंवा बिनखर्चाचे असे मार्ग मांडत आहोत, जे वैद्याला अथवा फार्मसीमालकाला स्वतः अवलंबिता येतील. त्याचबरोबर कोठे थांबावे हेही सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम विचार : कोणाला बोलवायचे?

संकेतस्थळावर किती लोक आले यापेक्षा कोण आले, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. उदाहरणादाखल खारदांड्यातील एखादा दवाखाना डोळ्यांसमोर आणू. एका बाजूस दांड्याची जुनी कोळी वस्ती, दुसऱ्या बाजूस खार पश्चिमेच्या इमारती आणि थोड्याच अंतरावर पाली हिल व कार्टर रोड. येथील वैद्याच्या संकेतस्थळाला परदेशातील हजार वाचकांनी भेट दिली तरी दवाखान्यातील बाकडे रिकामेच राहील. उलट सांताक्रूझ ते वांद्रे या टापूतील वीस गरजू माणसे दरमहा त्या पानावर पोहोचली, तर संकेतस्थळाचे सार्थक झाले. औषधनिर्मात्यांची गोष्ट वेगळी. त्यांना विक्रेते व वैद्य हवे असतात, व ते राज्यभर विखुरलेले असतात. म्हणून प्रथम एका कागदावर लिहून काढावे की आपल्याला नेमका कोणता वाचक हवा आहे. पुढील सर्व श्रम त्यावर अवलंबून आहेत.

नकाशावरील विनामूल्य नोंद

स्थानिक रुग्णासाठी सर्वांत फलदायी उपाय म्हणजे गूगल बिझनेस प्रोफाइल ही नोंद होय. तिला शुल्क नाही. ही नोंद कोणाला व किती वर दाखवायची हे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरते : शोधणाऱ्याच्या प्रश्नाशी असलेला संबंध, त्याच्यापासूनचे अंतर आणि त्या स्थळाची प्रसिद्धी. पैसे भरून या नोंदीचे स्थान वर नेता येत नाही. म्हणून वैद्याच्या हाती उरते ते माहितीची अचूकता. दवाखान्याच्या वेळा, साप्ताहिक सुट्टी, दूरध्वनी, दर्शनी भागाचे छायाचित्र आणि संकेतस्थळाचा पत्ता बिनचूक भरावा. नावाच्या रकान्यात पाटीवरचेच नाव घालावे. "सर्वोत्तम", "खात्रीशीर" अशी विशेषणे तेथे जोडणे नियमबाह्य असून त्यामुळे नोंद निलंबित होऊ शकते.

समाधानी रुग्णांना अभिप्राय लिहिण्याची विनंती अवश्य करावी, परंतु त्याबदली सवलत वा भेट देऊ नये, कारण तेही नियमांत बसत नाही. अभिप्रायास उत्तर देताना रुग्णाच्या व्याधीचा वा चिकित्सेचा उल्लेख कटाक्षाने टाळावा. रुग्णाने स्वतःविषयी जाहीर लिहिले, म्हणून वैद्याचे गोपनीयतेचे बंधन सुटत नाही.

रुग्णाच्या तोंडचे शब्द

आपली संकेतस्थळे आपल्या परिभाषेत लिहिलेली असतात, तर रुग्ण त्याच्या भाषेत शोधतो. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत त्वचा कुजते, तेव्हा कोळीवाड्यातील माणूस "चिखल्या" असे लिहून उपाय शोधतो. आपल्या पानावर मात्र क्षुद्ररोगांतील "अलस" एवढेच लिहिलेले असते. "टाचेच्या भेगा" शोधणाऱ्यास "पाददारी" सापडत नाही, आणि "मुरूम" शोधणाऱ्यास "मुखदूषिका". शास्त्रीय संज्ञा सोडावी असे आम्ही म्हणत नाही. शीर्षकात व पहिल्या वाक्यात रुग्णाचा शब्द असावा आणि शास्त्रीय संज्ञा त्याच्या शेजारी बसावी.

हीच गोष्ट गावाच्या नावाची. "खारदांडा", "खार दांडा", "दांडा कोळीवाडा", "खार पश्चिम" अशा अनेक रीतींनी लोक लिहितात. मराठीबरोबर हिंदी व इंग्रजीतही शोध घेतला जातो. पत्त्याच्या व मार्गदर्शनाच्या मजकुरात ही रूपे सहज ओघाने यावीत. मात्र एकाच शब्दाची पानभर माळ ओवू नये. अशी क्लृप्ती शोधयंत्रे ओळखतात आणि ते पान मागे टाकतात.

विषय निवडताना ऋतुचर्येसारखे उत्तम वेळापत्रक दुसरे नाही. वसंतात वमन, वर्षा ऋतूत बस्ती, शरदात विरेचन हा क्रम आपल्याला मुखोद्गत आहे. त्या त्या ऋतूच्या महिनाभर आधी एक पान लिहावे : कर्म कोणासाठी, पूर्वतयारी काय, दिवस किती, पथ्य कोणते, कोणी करू नये. तुळशीचे गुण किंवा हळदीचे फायदे यांवर लिहिण्यात आता विशेष लाभ नाही. अशा सर्वसाधारण प्रश्नांचे उत्तर शोधयंत्रे हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने आपल्याच पानावर देतात व वाचक पुढे येतच नाही. जे फक्त आपणच सांगू शकतो, ते लिहावे. खारदांड्यातील आपल्या दवाखान्यात बस्तीसाठी किती वेळ लागतो, रिकाम्या पोटी यावे की नाही, सोबत कोणास आणावे, हे अन्य कोठेही मिळणार नाही.

मजकूर यंत्राला वाचता यावा

अनेकांकडे जुने लेख व पत्रके श्रीलिपीसारख्या टंकांत साठविलेली आहेत. जुन्या पद्धतीच्या टंकात बसविलेला मजकूर आपल्याला देवनागरी दिसतो, परंतु शोधयंत्राला तो अर्थहीन अक्षरांचा ढीग वाटतो. देवनागरीचा समावेश असलेली युनिकोड प्रमाणप्रणाली १९९१ पासून अस्तित्वात आहे. जुना मजकूर त्या प्रणालीत रूपांतरित करून देणारी साधने उपलब्ध आहेत. रूपांतरानंतर जोडाक्षरे व रफार मात्र स्वतः तपासून घ्यावेत. मजकुराचे चित्र करून लावण्याची सवयही सोडावी. सणाच्या शुभेच्छांसारख्या रंगीत फलकावर छापलेली वेळ व पत्ता प्रत्यक्ष अक्षरांत पुन्हा लिहिणे आवश्यक आहे.

बहुसंख्य रुग्ण हे पान भ्रमणध्वनीवरच उघडतात. म्हणून छायाचित्रे हलकी असावीत, दूरध्वनी क्रमांक बोट लावताच जोडला जावा आणि नकाशा पहिल्याच पडद्यावर दिसावा.

पत्ता स्वतःच्या मालकीचा

गूगलच्या विनामूल्य सुविधेतून बनविलेली छोटी संकेतस्थळे मार्च २०२४ मध्ये बंद झाली. ज्यांनी पाट्यांवर व कागदांवर तोच पत्ता छापला होता, त्यांचे छापील साहित्य त्यामुळे निरुपयोगी ठरले. फुकटची जागा कधीही जाऊ शकते, हा त्यातील बोध. डॉट इन या शेवटाच्या नावाचे शुल्क वर्षाला साधारणतः हजार रुपयांच्या आत असते. एवढा खर्च टाळू नये. नावाची नोंदणी संकेतस्थळ बनविणाऱ्याच्या नव्हे, तर स्वतःच्या नावे करावी आणि नूतनीकरणाची तारीख दिनदर्शिकेत लिहून ठेवावी.

कागदावरून पडद्याकडे

रोज आपल्या हातून शेकडो कागद जातात : केसपेपर, पावती, चूर्णाची पाकिटे, तेलाच्या बाटलीचे वेष्टन. त्यांवर संकेतस्थळाचा पत्ता व क्यूआर संकेत छापण्यास वेगळा खर्च जवळजवळ येत नाही. परंतु तो संकेत मुख्य पानावर न नेता उपयोगाच्या पानावर न्यावा. काढ्याच्या पाकिटावरचा संकेत काढा कसा करावा हे दाखवो. बाटलीवरचा, मात्रा व अनुपान सांगो. ज्या पानाचा उपयोग झाला, ते रुग्ण शेजाऱ्याला आपणहून पाठवितो. डॉ. बालाजी तांबे किंवा वैद्य खडीवाले यांच्या वृत्तपत्रीय लेखनाने आयुर्वेद घराघरांत नेला, तो लोकांना त्यात रोजच्या उपयोगाचे काही मिळत होते म्हणून. साधन बदलले तरी हे तत्त्व बदललेले नाही.

कायद्याची मर्यादारेषा

वाचक खेचण्याच्या ओढीत सर्वांत मोठा धोका येथेच आहे. औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ यातील जाहिरातीची व्याख्या अतिशय व्यापक आहे. सूचना, परिपत्रक, लेबल, वेष्टन यांबरोबरच प्रकाश, ध्वनी वा धूर यांच्या साह्याने केलेली घोषणाही तीत येते. संकेतस्थळ त्याबाहेर राहील असे कोणी समजू नये. या अधिनियमाच्या अनुसूचीत ५४ व्याधी व अवस्था असून त्यांत मधुमेह, लठ्ठपणा, उच्च रक्तदाब, संधिवात, पांढरे डाग, पक्षाघात, कर्करोग, मासिक पाळीचे विकार यांचा समावेश आहे. अमुक औषधाने यांचे निदान, चिकित्सा वा प्रतिबंध होतो असे सुचविणारी जाहिरात कलम ३ अन्वये निषिद्ध आहे. पहिल्या अपराधास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

येथे एक सूक्ष्म भेद ध्यानात घ्यावा. नोंदणीकृत वैद्याने स्वतःच्या जागेत लावलेल्या पाटीस कलम १४ ने सूट दिली आहे. ही सूट त्या जागेपुरती आहे. पाटीवर चालणारे वाक्य जसेच्या तसे संकेतस्थळावर उतरविले, तर तेथेही ती सूट मिळेल असे गृहीत धरता येणार नाही. शास्त्रीय वा सामाजिक दृष्टीने प्रामाणिकपणे लिहिलेल्या ग्रंथासही सूट आहे. परंतु माहितीपर लेखाच्या शेवटी स्वतःच्या औषधाचे नाव व "मागणी नोंदवा" असे बटन आले की त्याचे स्वरूप पालटते. आमची सूचना अशी की, अनुसूचीतील व्याधींवरील लेख व औषधांची विक्रीपाने यांचा परस्परांशी दुवा ठेवू नये, आणि शंका असल्यास विधिज्ञाचा सल्ला घ्यावा. फार्मसीमालकांनी अनुसूची ई-१ मधील विषारी द्रव्ये असलेल्या कल्पांच्या पानावर, लेबलाप्रमाणेच, वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याचा इशारा ठळकपणे द्यावा.

मोजमाप

गूगल सर्च कन्सोल हे विनामूल्य साधन कोणत्या शब्दांनी आपले पान दिसले व कितींनी ते उघडले, हे दाखविते. महिन्यातून एकदा अर्धा तास ते पाहावे. ज्या शब्दांवर पान दिसते पण उघडले जात नाही, त्याचे शीर्षक सुधारावे. त्याहून सोपे मापन केसपेपरवर आहे. "आमच्याविषयी कोठून कळले?" असा एक रकाना ठेवावा. सहा महिन्यांनी त्या रकान्याची बेरीज केली की कोणत्या मार्गावर श्रम वाढवावेत व कोणता सोडावा, हे आपोआप कळते.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील दशप्राणायतनीय अध्यायात प्राणाभिसर व रोगाभिसर असे वैद्यांचे दोन प्रकार वर्णिले आहेत. कोणी आजारी पडल्याचे कानी येताच चोहोबाजूंनी धावून जाणारे, रुग्णाला ऐकू जाईल असे स्वतःचे गुण मोठ्याने सांगणारे आणि आधीच्या वैद्याचे दोष काढणारे, ते रोगाभिसर. आजच्या पडद्यावर अचानक उघडणाऱ्या "हमखास उपाय" छापाच्या जाहिराती पाहिल्या की त्या वर्णनाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. अल्प खर्चात वाचक मिळविण्याचा आमच्या मते टिकाऊ मार्ग एकच : रुग्णाने त्याच्या शब्दांत विचारावे आणि आपल्या पानाने खरे, नेमके व उपयोगाचे उत्तर द्यावे. सभासदांनी या तिमाहीत आरंभ म्हणून तीनच कामे करावीत : नकाशावरील नोंद तपासावी, येत्या ऋतूचे एक पान लिहावे, आणि अनुसूचीतील व्याधींची यादी समोर ठेवून जुना मजकूर गाळून घ्यावा.