पहाट किती अंशांवर?

हेब्बाळ (बंगळूर) : रमजानात इथे सहरी-इफ्तारच्या वेळांची छापील कार्डं हातोहात फिरतात. इफ्तारच्या रकान्यावर फारसा वाद होत नाही. सूर्य बुडाला की बुडाला. वाद असतो तो सहरी संपण्याच्या वेळेवर. रात्री 10 ते सकाळी 6 भोंगे लावायचे नाहीत, असं कर्नाटकातल्या उलेमांनी 2022 मध्ये ठरवलं. त्यामुळे शेवटचा घास कधीचा, हे कार्ड किंवा मोबाइलमधलं ॲप सांगणार. ॲपमध्ये पर्याय असतात : कराची 18 अंश, उत्तर अमेरिका 15, इजिप्त साडेएकोणीस. सूर्य क्षितिजाच्या किती खाली असताना फज्र, म्हणजे पहाट, धरायची, याचे हे आकडे. 15 की 18 एवढ्यावर हेब्बाळमध्ये बारा-तेरा मिनिटं इकडची तिकडे होतात. उपाशीपोटी दिवस काढणाऱ्याला ती कमी नाहीत.

आपल्याला यात नवल वाटायला नको. सूर्योदयाआधी चार घटिका, म्हणजे 96 मिनिटं, अरुणोदय धरायचा आणि तेव्हा दशमी असेल तर भागवतांनी एकादशी दुसऱ्या दिवशी करायची, हा हिशेब पंचांगवाले आजही करतात. फक्त तिथे घटिका मोजल्या की भागतं. इस्लाममध्ये मूळ खूण डोळ्यांनी बघायची आहे. त्यातही आधी एक खोटी पहाट येते, सुब्ह-ए-काजिब. पूर्वेला उभा, फिकट उजेडाचा सुळका. ग्रहांच्या कक्षांदरम्यानच्या धुळीवरून परतलेला तो सूर्यप्रकाश. त्यानंतर क्षितिजाला समांतर, आडवा पसरत जाणारा उजेड ही खरी पहाट, सुब्ह-ए-सादिक.

हा उजेड मोजायला स्काय क्वालिटी मीटर नावाची खिशात मावणारी डबी मिळते. आकाशाकडे धरून बटण दाबायचं, आकडा येतो. आकडा जितका मोठा तितका अंधार जास्त. निखळ काळ्या आकाशाला 22 च्या आसपास, मोठ्या शहरात 17-18. पाच अंकांचा फरक म्हणजे शंभरपट उजेड. रात्रभर नोंदी घेतल्या की आलेखाची रेषा सपाट चालते आणि पहाटे वाकते. ते वळण शोधायचं.

हेब्बाळमध्ये ते सापडणं कठीण. उड्डाणपूल, विमानतळाचा रस्ता, मान्यता टेक पार्क यांचा उजेड आकाशात आधीच भरलेला, त्यामुळे खऱ्या पहाटेची पहिली भर त्यात बुडून जाते आणि वळण उशिरा दिसतं. इथला आकडा प्रमाण मानला तर उपवास शहराच्या दिव्यांवर सुरू व्हायचा! मोजणीला अंधारी जागा हवी. याच शहरातल्या कोरमंगलमधल्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने लडाखमधल्या हानले परिसरात राखीव अंधार जपण्याचं काम हाती घेतलं आहे. महाराष्ट्रातल्या पेंचलाही 2024 मध्ये 'डार्क स्काय पार्क'चा दर्जा मिळाला.

इंडोनेशियात हा विषय थेट निर्णयापर्यंत गेला. तिथे फज्र 20 अंशांवर धरत. मुहम्मदिया या मोठ्या संघटनेने आकाशाच्या मोजण्या विचारात घेऊन 18 अंश मान्य केले, म्हणजे वेळ सुमारे आठ मिनिटं पुढे गेली. सरकारचं धर्म मंत्रालय मात्र 20 वरच राहिलं.

मला मंत्रालयाचा हट्ट अगदीच अडाणीपणाचा वाटत नाही. मीटर डोक्यावरच्या आकाशाकडे धरला तर तो त्या भागातला एकूण उजेड सांगतो; क्षितिजावर आडवी पसरलेली रेघ त्याला वेगळी ओळखता येत नाही. शिवाय रेषा किती वाकली म्हणजे 'पहाट झाली', ही मर्यादा माणसांनीच ठरवायची. बंगळूरकरांनी मोजायचं मनावर घेतलंच, तर शहरापासून लांब, पावसाळा सरल्यावर, चंद्र नसलेल्या रात्री जावं, आणि मीटरबरोबर उघड्या डोळ्यांनी पूर्व बघणारे चार अनुभवी लोकही न्यावेत.