उतारवयांतील कुत्रा

रायगडावर वाघ्याच्या नांवाचें जें स्मारक आहे, त्याची कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. धन्याच्या चितेंत उडी घेणाऱ्या त्या कुत्र्याच्या कथेस समकालीन आधार सांपडत नाहीं. त्यावरून वाद झाले, २०१२ सालीं तें स्मारक काढलें गेलें आणि पुन्हां बसविलेंही गेलें. इतिहासाचा निर्णय कांहींही असो, ती कथा लोकांच्या मनांत घर करून राहिली आहे. परंतु बहुतेक कुत्र्यांच्या वांट्याला असें क्षणांत संपणारें मरण येत नाहीं. ते दोन-चार वर्षें हळूहळू थकत जातात, आणि त्या काळांत इमानाची कसोटी कुत्र्याची नसून धन्याची असते. त्या काळाविषयीं आज मला चार शब्द सांगावयाचे आहेत.

अलिबाग, किहीम, नागांव, रेवदंडा, मुरूड या किनारपट्टींत मुंबईकर कुटुंबांचीं घरें पुष्कळ आहेत. घरांतला कुत्रा म्हातारा झाला, जिने चढवेनासे झाले, म्हणजे 'त्याला आतां वाडीवर ठेवूं. मोकळी हवा आहे, राखणदार आहे' असा विचार निघतो. तो सद्भावनेनेंच निघतो. पण तो कुत्र्याच्या हिताचा आहे कीं नाहीं, हें ठरविण्यापूर्वीं त्याचें म्हातारपण म्हणजे काय, तें समजून घेतलें पाहिजे.

कुत्र्याचें एक वर्ष म्हणजे माणसाचीं सात, हा रूढ हिशेब खरा नाहीं. २०२० सालीं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील संशोधकांनीं लॅब्रॅडॉर जातीच्या कुत्र्यांच्या डीएनएवर वयानुसार होणाऱ्या रासायनिक बदलांची माणसांतील बदलांशीं तुलना केली. त्यांच्या सूत्राप्रमाणें १ वर्षाचा कुत्रा तिशीच्या माणसासारखा, ४ वर्षांचा पन्नाशी ओलांडलेल्यासारखा आणि १२ वर्षांचा सत्तरीच्या माणसासारखा ठरतो. मोठ्या चणीचे कुत्रे लवकर म्हातारे होतात. ग्रेट डेनला सहाव्या-सातव्या वर्षींच वृद्ध म्हणावें लागतें. पॉमेरेनियनसारखा लहान कुत्रा नवव्या-दहाव्या वर्षापर्यंत तरतरीत असतो.

तोंडावरचे केस पांढरे होतात, डोळ्यांत निळसर झांक येते, ऐकूं कमी येतें. हे बदल वयाचेच आहेत. निळसर झांक म्हणजे मोतीबिंदू नव्हे. तिच्यानें दृष्टि फारशी जात नाहीं. मोतीबिंदू पांढरा असतो व दृष्टि अडवितो. पण उठतांना लंगडणें, पायरीपाशीं थबकणें, अंगाला हात लावतांच गुरगुरणें, या गोष्टी 'वय झालें' म्हणून सोडून देऊं नयेत. बहुधा तें सांध्यांचें दुखणें असतें, आणि त्यावर उपाय आहेत. गुळगुळीत फरशीवर सतरंजी किंवा काथ्याची चटई अंथरणें हा त्यांतला पहिला व सर्वांत स्वस्त उपाय होय. तोंडाला दुर्गंधि येत असेल तर दांत व हिरड्या तपासून घ्याव्यात. दुखऱ्या दांतामुळें खाणें टाकलेला कुत्रा हट्टी समजला जातो.

घरच्या माणसांनीं दोन गोष्टी स्वतः मोजाव्या. पहिली पाणी. वजनाच्या दर किलोमागें दिवसाला १०० मिलिलिटरहून अधिक पाणी कुत्रा पीत असेल, तर मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह किंवा ग्रंथींचा दोष असूं शकतो. मूत्रपिंडांची सुमारें दोन तृतीयांश शक्ति गेल्यावरच हें लक्षण दिसूं लागतें, म्हणून उशीर करूं नये. शस्त्रक्रिया न झालेली कुत्री माजावर येऊन गेल्यावर कांहीं आठवड्यांनीं मलूल होऊन फार पाणी पिऊं लागली, तर गर्भाशयांत पू झाल्याचा संभव असतो; तिला त्याच दिवशीं पशुवैद्याकडे न्यावें. दुसरी गोष्ट श्वास. गाढ झोंपेंत मिनिटाला ३० हून अधिक श्वास वारंवार मोजण्यांत आले, किंवा रात्रीं खोकला येऊं लागला, तर हृदय तपासून घ्यावें.

मेंदूही म्हातारा होतो. रात्रीं घरभर येरझारा घालणें, दाराच्या बिजागरीच्या बाजूस उभें राहून दार उघडण्याची वाट पाहणें, शिकलेली स्वच्छता विसरणें, हीं विस्मृतीचीं लक्षणें आहेत. त्याला रागें भरूं नये. जेवणाच्या व फिरण्याच्या वेळा ठरलेल्या असाव्या, सामानाची जागा बदलूं नये, रात्रीं मंद दिवा ठेवावा.

आतां किनाऱ्याच्या हवेकडे वळूं. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाहीं. जीभ बाहेर काढून धापा टाकल्यानें जी ओल उडते, तिनेंच त्याचें शरीर निवतें. चैत्र-वैशाखांत समुद्रकांठची हवा दमट असल्यामुळें ही ओल उडत नाहीं, आणि म्हाताऱ्या, लठ्ठ वा हृदयविकारी कुत्र्यास उष्माघात लवकर होतो. त्यास पहाटे अथवा सूर्यास्तानंतर फिरवावें. दुपारच्या तापल्या वाळूंत नेऊं नये. पावसाळ्यांत सांचलेल्या पाण्यांतून लेप्टोस्पायरोसिस होतो. त्याची व पिसाळ रोगाची लस उतारवयांतही चुकवूं नये. गोचिडांपासून येणारा ताप रक्तावर परिणाम करतो. नाकांतून रक्त आल्यास दुर्लक्ष करणें प्राणावर बेतूं शकतें.

आहाराविषयीं एकच मोठा नियम: लठ्ठपणा टाळावा. ४८ लॅब्रॅडॉर कुत्र्यांवर केलेला एक दीर्घ प्रयोग २००२ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत जोडीदारापेक्षां चतुर्थांश अन्न कमी मिळालेले कुत्रे जवळजवळ दोन वर्षें अधिक जगले, आणि त्यांचे सांधेही उशिरां दुखूं लागले. भात व कांटे काढलेली ताजी मासळी चालेल. सुकट, खारे बांगडे यांतील मीठ हृदय व मूत्रपिंडें थकलेल्या कुत्र्यास घातक आहे. कांदा, द्राक्षें व मनुका कोणत्याही वयांत देऊं नयेत. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या तर आपल्या मनानें मुळींच देऊं नयेत. आयबुप्रोफेन कुत्र्याच्या जठरास व मूत्रपिंडांस इजा करतें.

एवढें ऐकल्यावर वाडीवर पाठविण्याच्या प्रश्नाचें उत्तर अवघड राहत नाहीं. ज्याचे डोळे व कान मंदावले, तो कुत्रा ओळखीच्या वासांवर, ठरलेल्या वाटांवर आणि माणसांवर विसंबून जगतो. नवी जागा म्हणजे त्याला अंधारच. शिवाय पावसाळ्यांत गेटवेहून मांडव्यास जाणाऱ्या लाँचा बंद असतात. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी रो-रो नौकाही हवामानावर अवलंबून. परळचें पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून उभें आहे, पण मध्यरात्रीं आजारी पडलेल्या कुत्र्याला खाडीपलीकडून तेथें पोंचविणें सोपें नव्हे. कुटुंब स्वतः तेथें राहणार असेल, जवळचा पशुवैद्य आधीं ठरविला असेल, तर कुत्र्यास अवश्य न्यावें. केवळ राखणदाराच्या हवालीं करून निघून येणें मात्र बरें नव्हे. उपाशी-तहानलेला राहील अशा स्थितींत विनाकारण जनावर टाकून देणें हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याप्रमाणें गुन्हाही आहे.

शेवटीं असा दिवस येतो कीं, औषध लागू पडत नाहीं. खाणें, उठणें, आपल्या माणसाला पाहून शेपूट हलविणें, यांपैकीं काय उरलें आहे याची घरांतल्यांनीं रोज नोंद ठेवावी. वाईट दिवस चांगल्या दिवसांहून अधिक होऊं लागले, तर पशुवैद्याशीं दयामरणाविषयीं मोकळेपणानें बोलावें. तें निर्दयपणाचें लक्षण समजूं नये. मुलांनाही खरें काय तें सांगावें. आणि त्या वेळीं खोलीबाहेर न थांबतां जवळ बसून त्याच्या डोक्यावर हात ठेवावा. त्याला दिसत नसलें, ऐकूं येत नसलें, तरी तो हात कोणाचा, हें त्याला समजतें.