आईची संघटना, लेकीचा गट

शहाद्याच्या चळवळीचा इतिहास लिहिणारे सहसा जमिनीपासून सुरुवात करतात. ते बरोबरच आहे. हातची गेलेली शेतं, त्याच शेतांवर सालदार म्हणून राबणारे भिल्ल, अंबरसिंग सुरतवंती यांनी घातलेली साद आणि 1972 साली उभी राहिलेली श्रमिक संघटना, हा क्रम अभ्यासकांच्या ओळखीचा आहे. मारिया मीस यांनी 1976 साली या आंदोलनावर इंग्रजीत लेख लिहिला आणि शहाद्याचं नाव परदेशातही गेलं.

संघटनेच्या मागण्या जमीन, मजुरी आणि दुष्काळी कामांच्या होत्या. दारूचा विषय बायकांनी आणला. शिबिरात वेगळं बसून बोलायला मिळालं, तेव्हा नवऱ्याचं पिणं आणि रात्रीची मारहाण यांच्याबद्दलच त्या आधी बोलल्या. मग घोळक्याने गावोगाव निघाल्या आणि अड्ड्यांवरची मडकी फोडली. बायकोवर हात उचलणाऱ्याला चारचौघांत जाब द्यावा लागला. मोहाची दारू इथे देवकार्यातही लागते, त्यामुळे शहरी दारूबंदीच्या चष्म्यातून हा राग नीट कळत नाही. तो धंद्यावर होता आणि मारावर होता. शिवाय जमीन आधीच नांगरलेली होती: तळोदा भागात 1930 च्या दशकाच्या अखेरीस आदिवासी सुधारक गुलाम महाराजांनी दारू सोडायला सांगितलं होतं, आणि त्यांच्या आरतीला माणसं लोटत होती.

बाई मोर्चाला निघाली की कडेवरचं पोर घरी ठेवायचं कुणाकडे? ते बरोबरच निघायचं, आणि त्याला सांभाळायला थोरली लेकही. अशा मुलींना सभासद कुणी केलं नाही. पण आई घराबाहेर, परक्या माणसांसमोर, मोठ्याने बोलते हे त्यांनी पाहिलं. माझ्या मते त्या चळवळीची सर्वांत टिकाऊ मिळकत हीच. जमिनीचे दावे कोर्टात रेंगाळले, मजुरीचे दर महागाईने खाल्ले. आईला बोलताना पाहिलेली लेक मात्र तशीच मोठी झाली. पुण्यात ऑक्टोबर 1975 मध्ये स्त्रीमुक्ती परिषद भरली, तिथेही धुळ्याकडच्या आदिवासी बायका होत्या. शहाद्याचा जिल्हा तेव्हा धुळेच. नंदुरबार जिल्हा झाला 1 जुलै 1998 रोजी.

तोवर लेकींचे संसार सुरू झाले होते आणि एकत्र येण्याची तऱ्हा पालटली होती. आता बचत गट आले. आधी महिला आर्थिक विकास महामंडळाचे, 2011 नंतर ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचे. ठरलेल्या दिवशी बैठक, ठरलेली बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब. आईच्या संघटनेत घोषणा देता आली की पुरे. इथे वही लिहावी लागते. 2011 च्या जनगणनेत राज्यात सर्वांत कमी साक्षरता याच जिल्ह्याची. त्यामुळे ज्या गटात शिकलेली पोर आहे त्या गटाचं नशीब. अंगठा उठवणाऱ्या बायांच्या पिढीनंतर त्यांच्याच घरातली एखादी सीआरपी ताई, म्हणजे गटांची गावपातळीवरची कार्यकर्ती, होते आणि खांद्याला पिशवी लावून गट बांधत पाड्यापाड्यांत हिंडते, यात मला सातपुड्यातल्या धडगावच्या घाटरस्त्यांइतकीच चढण दिसते.

एक अडचण मात्र आहे. गटात सहसा एका घरातून एकच बाई घेतात. म्हणजे मायलेकी एका गटात बसतील असं क्वचितच घडतं. लेक लग्न होऊन जाते आणि सासरच्या गावात तिचा गट सुरू होतो. तिथेही सासू आधीपासून सभासद असली तर तिला थांबावं लागतं. कर्ज घरटी वाटायचं म्हटल्यावर नियम समजण्यासारखा आहे. श्रमिक संघटनेत ही अट नव्हती. तिथे एकाच मोर्चात सासू, सून, माय, लेक चालू शकत होत्या. मायलेकींना आता एकत्र आणतात ते गटांच्या प्रभागसंघाचे मेळावे, तेही दोन्ही गावं एकाच प्रभागात असली तर. नाहीतर बाजाराचा दिवस आहेच. आमचूर विकायला आलेली आई आणि गटाच्या कर्जाचा हप्ता भरायला आलेली लेक तिथे बँकेच्या पायरीवर बसून आपापल्या गटाच्या कुरबुरी सांगतात: कोण हप्ता चुकवतं, कोण बैठकीला येत नाही, कुणाचा नवरा दारूला पैसे मागून नेतो.

या शेवटच्या गोष्टीला गटाच्या वहीत रकाना नाही. 1973 साली तिच्यावरूनच बायका उठल्या होत्या. कायद्याने आज गावातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी ‘आडवी बाटली’ केली, म्हणजे बंदीच्या बाजूने मत दिलं, तर परवान्याचं दारूचं दुकान बंद होतं. हातभट्टी परवाना मागत नाही, म्हणून तिच्यासाठी मतदानही नाही. तिथे अजूनही बायकांना जाऊन उभंच राहावं लागतं, आणि त्या वेळी कोण कुठल्या गटाची, हे कुणी विचारत नाही.