जुनी कॅसेट लावण्यापूर्वी फितीची जाडी पाहा

लोहारा (जि. यवतमाळ) - घरातील वडीलधाऱ्यांचा आवाज, गावातील एखादे कीर्तन किंवा खंजिरी भजन जुन्या कॅसेटमध्ये असेल, तर ते संगणकावर उतरवून घेण्याची घाई अनेकांना असते. मात्र यंत्रात कॅसेट घालण्याआधी तिच्यातील फीत किती जाड आहे, हे कळणे आवश्यक आहे. पातळ फीत जोरात गुंडाळली की ताणली जाते आणि ताणलेला आवाज पूर्ववत होत नाही.

फितीची जाडी मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजतात. आकाशवाणी केंद्रांवर वापरल्या जाणाऱ्या स्पूलची प्रमाण फीत सुमारे ५० मायक्रॉनची असे. फिलिप्सने १९६३ मध्ये आणलेल्या कॅसेटमध्ये मात्र जागाच थोडी. त्यामुळे ६० मिनिटांच्या कॅसेटची फीत सुमारे १८, ९० मिनिटांची १२, तर १२० मिनिटांची केवळ ९ मायक्रॉनची असते. गंमत म्हणजे फीत जितकी पातळ, तितकीच ती लांब. त्यामुळे तिन्ही कॅसेटमधील पूर्ण भरलेले वेटोळे जवळपास सारखेच दिसते. लेबल निघून गेले असेल, तर नुसत्या नजरेने फरक ओळखणे कठीण.

शाळेच्या प्रयोगशाळेतील स्क्रू गेजचे लघुतम माप ०.०१ मिलिमीटर, म्हणजे १० मायक्रॉन असते. ९ मायक्रॉनच्या फितीपुढे ते निरुपयोगी ठरते. एक मायक्रॉन दाखवणारा मायक्रोमीटर मिळाला, तरी तो ध्वनिमुद्रण नसलेल्या शेवटच्या भागावर, अगदी हलक्या दाबाने लावावा. टोकाची पारदर्शक पट्टी मोजून उपयोग नाही; ती वेगळ्या जाडीची असते.

लांबी ठाऊक असल्यास फितीला हात न लावताही हिशेब मांडता येतो. कॅसेट सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर वेगाने चालते. ९० मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांची, म्हणजे फीत सुमारे १२८.५ मीटर लांब. स्क्रू काढून कॅसेट उघडल्यावर वेटोळ्याची बाहेरील त्रिज्या २५ व मधल्या चकतीची ११ मिलिमीटर भरली, तर वेटोळ्याचे क्षेत्रफळ सुमारे १,५८३ चौरस मिलिमीटर होते. त्याला लांबीने भागले की उत्तर १२.३ मायक्रॉन. बाहेरील त्रिज्या मोजताना एक मिलिमीटरची चूक झाली तरी उत्तर दहा टक्क्यांनीच हलते. १२ आणि १८ यांत गल्लत होत नाही.

जाडीचा संबंध आणखी एका दोषाशी आहे. गुंडाळलेल्या फितीचा एक थर शेजारच्या थरावर चुंबकीय ठसा उमटवतो आणि शांततेच्या जागी पुढच्या आवाजाचा फिकट प्रतिध्वनी ऐकू येतो. पातळ फितीत व उष्णतेत हे अधिक होते; विदर्भातल्या मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली ठेवलेल्या कॅसेटबाबत तर विशेष. ध्वनिमुद्रण उतरवण्यापूर्वी फीत दोन-तीन वेळा सावकाश पुढे-मागे गुंडाळल्यास हा ठसा बराच फिका पडतो. ९ मायक्रॉनच्या फितीसाठी मात्र वेगवान रिवाइंडचे बटण दाबूच नये.