खडीच्या वाटेवर टिकणारे चाक

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात एम्पोरिया नावाचे छोटे शहर आहे. शहराबाहेर पडले की फ्लिंट हिल्सची गवताळ टेकाडे सुरू होतात आणि डांबर संपते. इथला दगड चकमकीचा. तो फुटला की त्याला धार येते आणि टायरची बाजू सहज चिरली जाते. २००६ साली याच भागात २०० मैलांची, म्हणजे सुमारे ३२२ किलोमीटरची सायकल शर्यत सुरू झाली. आज ती ‘अनबाउंड ग्रॅव्हल’ या नावाने ओळखली जाते. खाली वळलेल्या हँडलची सायकल, रुंद टायर आणि कच्च्या खडीचे लांबच लांब रस्ते, असा हा ग्रॅव्हल सायकलिंगचा प्रकार आहे.

अशा रस्त्यावर चाक मोडले तर मदत जवळपास मिळत नाही. म्हणून ग्रॅव्हल सायकल घेणारा जाणकार माणूस फ्रेमइतकाच विचार चाकांचा करतो. अमेरिकेतल्या अनेकांची त्यात आणखी एक अट असते, ती म्हणजे चाक देशातच बनलेले हवे. टिकाऊपणा आणि देशी बनावट या दोन्ही अटी कशा तपासायच्या, ते भागवार पाहू.

अ‍ॅल्युमिनियम कशासाठी?

महागड्या चाकांच्या रिम कार्बनच्या असतात. त्या हलक्या आणि ताठ असतात, पण दगडाचा जबर घाव बसला की तडकतात आणि तडकलेल्या रिमवर भरवसा ठेवता येत नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या, म्हणजे अलॉय रिमला अशा वेळी पोचा पडतो. पोचा फार खोल नसेल तर पकडीने कड सरळ करून घरापर्यंत पोहोचता येते. कारागिराने आउट काढून दिला की तीच रिम पुढे बरेच दिवस चालते.

दुसरे कारण ब्रेकचे. पूर्वी ब्रेकचे रबर रिमवर घासत असे आणि रिमची भिंत झिजून पातळ होई. ग्रॅव्हल सायकलींना डिस्क ब्रेक असतात, त्यामुळे ही झीज उरलेली नाही. अलॉय रिमचे आयुष्य आता मुख्यतः दगडांचे घाव आणि स्पोकची भोके यांवर ठरते.

तिसरे कारण किमतीचे. चांगली अलॉय रिम बदलायची तर साधारण शंभर डॉलरच्या आसपास खर्च येतो. कार्बनच्या रिमला त्याच्या कितीतरी पट पैसे मोजावे लागतात.

रिम कशी निवडावी?

अलॉय रिमसाठी सहसा ६००० मालिकेतला मिश्रधातू वापरतात. त्यात अ‍ॅल्युमिनियमबरोबर मॅग्नेशियम आणि सिलिकॉन असते. तापवलेला धातू साच्यातून दाबून त्याची पोकळ पट्टी काढतात, ती गोल वळवतात, टोके खिळीने किंवा वेल्डिंगने जोडतात आणि मग भोके पाडतात. धातूला ताकद येण्यासाठी त्यावर उष्णतेची प्रक्रिया होते. वर्णनात ‘टी६’ असे लिहिलेले दिसते ते त्याच प्रक्रियेबद्दल.

निवडताना पहिली गोष्ट पाहायची ती आतली रुंदी. ४० ते ४५ मिलिमीटरच्या टायरला २१ ते २५ मिलिमीटर आतली रुंदी चांगली जमते. रिम अरुंद असेल तर हवा कमी ठेवल्यावर टायर वळणावर डगमगतो. टायर अरुंद आणि रिम फार रुंद असेल तर टायरची बाजू उघडी पडते आणि दगड थेट रिमवर लागतो.

दुसरी गोष्ट कडेची. टायर अडकवणारा हूक असलेली आणि हूक नसलेली, अशा दोन प्रकारच्या रिम मिळतात. हूक नसलेल्या रिममध्ये हवेचा दाब ५ बारच्या, म्हणजे सुमारे ७२ पीएसआयच्या वर नेता येत नाही आणि टायरही त्या रिमसाठी मान्य केलेलाच लागतो. ग्रॅव्हलला एवढा दाब कुणी ठेवत नाही. तरी ज्याला टायर निवडताना मोकळीक हवी आहे, त्याने हूक असलेली रिम घ्यावी. अलॉयमध्ये ती सहज मिळते.

तिसरी गोष्ट वजनाची. रिम हलकी करायची तर भिंत पातळ करावी लागते. अलॉय चाकांची जोडी साधारण १,६०० ते २,००० ग्रॅमच्या दरम्यान असते. सामान लादून लांब जाणाऱ्याने किंवा वजनदार स्वाराने या पट्ट्याच्या जड बाजूला राहणेच शहाणपणाचे.

स्पोक : संख्या आणि ताण

७०० सी चाकाला ४० मिलिमीटरचा टायर बसवला की एका फेरीत सुमारे २.२ मीटर अंतर कापले जाते. या हिशेबाने ३२२ किलोमीटरच्या शर्यतीत चाक जवळपास दीड लाख वेळा फिरते. प्रत्येक फेरीत जमिनीकडचे स्पोक क्षणभर सैल होतात आणि वर जाताना पुन्हा ताणले जातात. स्पोक तुटतो तो बहुतेकदा एका धक्क्याने नाही, तर या सततच्या सैल-ताठ होण्याने आलेल्या थकव्यामुळे. तो सहसा हबजवळच्या, म्हणजे चाकाच्या मध्याजवळच्या वाकणावर किंवा त्याला रिमशी जोडणाऱ्या निपलजवळच्या आट्यांवर तुटतो. अमेरिकी अभियंते जॉब्स्ट ब्रँट यांनी ‘द बायसिकल व्हील’ या १९८१ सालच्या पुस्तकात हे गणित सविस्तर मांडले आहे.

यावरून निवडीचे तीन नियम निघतात. एक, स्पोक जास्त असले की प्रत्येकावर येणारा भार कमी होतो. खडीसाठी मागच्या चाकाला २८ किंवा ३२ स्पोक असावेत. २४ स्पोकची चाके हलक्या स्वाराला आणि बऱ्या रस्त्याला चालतात. दोन, मध्यभागी बारीक केलेले स्पोक, उदाहरणार्थ टोकांना २ आणि मधे १.८ मिलिमीटर जाडीचे, अधिक टिकतात. मधला भाग थोडा लवचीक असल्याने वाकण आणि आटे यांवरचा ताण कमी होतो. तीन, निपल पितळेचे घ्यावेत. अ‍ॅल्युमिनियमचे निपल काही ग्रॅम वाचवतात, पण ओल, मीठ आणि ट्यूबलेस टायरमधून झिरपलेले सीलंट यांमुळे ते खराब होतात.

रस्त्यावर पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा पडलेल्या असतील तर सैल बांधलेले चाक लवकर खिळखिळे होते. स्पोकचा ताण पुरेसा हवाच, पण तो एकाच बाजूच्या सर्व स्पोकमध्ये सारखा असणे अधिक महत्त्वाचे. मागच्या चाकात कॅसेटच्या, म्हणजे गिअरच्या दातेरी चकत्यांच्या बाजूचा ताण जास्त आणि दुसऱ्या बाजूचा कमी असतो. भोके मध्यरेषेपासून थोडी सरकवलेली रिम घेतली तर ही तफावत कमी होते. डिस्क ब्रेकचा जोर हबमधून स्पोकवाटे रिमपर्यंत जातो, त्यामुळे स्पोक एकमेकांना छेद देत विणलेलेच हवेत.

हब : दातांच्या संख्येपेक्षा सील पाहा

हबच्या जाहिरातीत पेडल मारल्यावर तो आतल्या दातांमुळे किती चटकन पकड घेतो, यावर भर असतो. खडीवर त्याहून महत्त्वाचे म्हणजे बेअरिंग धूळ-चिखलापासून किती सुरक्षित आहे आणि ते साध्या अवजारांनी बदलता येते का. कॅसेट ज्यावर बसते तो भाग, म्हणजे फ्रीहब, मऊ अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर कॅसेटचे दात त्यात रुततात. पोलाद किंवा टायटॅनियमचा भाग दीर्घकाळ टिकतो. अ‍ॅक्सलची मापे फ्रेमशी जुळवून घ्यावीत. सध्याच्या ग्रॅव्हल सायकलींना बहुधा पुढे १२ बाय १०० आणि मागे १२ बाय १४२ मिलिमीटरचा अ‍ॅक्सल लागतो.

‘मेड इन यूएसए’ म्हणजे नेमके किती?

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचा या शिक्क्याबाबतचा नियम कडक आहे. वस्तू ‘सर्वस्वी किंवा जवळजवळ सर्वस्वी’ देशात बनलेली असेल तरच तिच्यावर निव्वळ ‘मेड इन यूएसए’ लिहिता येते. खोट्या शिक्क्याबद्दल दंड करता येईल असा नियम ऑगस्ट २०२१ पासून लागू आहे. ‘डिझाइन्ड इन’ किंवा ‘असेंबल्ड इन’ या शब्दांचा अर्थ वेगळा असतो, म्हणून ते नीट वाचावेत. भाग परदेशातून आणून स्पोक अमेरिकेत विणलेले चाक वाईट नसते, पण त्याला संपूर्ण देशी म्हणता येत नाही.

हब ही अमेरिकी कारखान्यांची जमेची बाजू. ऑरेगॉनमधल्या पोर्टलंडची ख्रिस किंग ही कंपनी बेअरिंगही स्वतः बनवते. कॅलिफोर्नियातल्या पेटालुमाची व्हाइट इंडस्ट्रीज टायटॅनियमच्या फ्रीहबसाठी नावाजलेली आहे. नॉर्थ कॅरोलायनातल्या अ‍ॅशव्हिलची इंडस्ट्री नाइनही हब घडवते. रिम बनवणारे मात्र मोजके. मूळच्या ऑस्ट्रेलियन व्हेलॉसिटी कंपनीने रिमचे उत्पादन अमेरिकेत हलवले आणि मिशिगनमधले ग्रँड रॅपिड्स हे तिचे ठिकाण झाले. तिची रुंद ‘क्लिफहँगर’ रिम सामान लादून फिरणाऱ्यांमध्ये लोकप्रिय झाली. ऑरेगॉनमधल्या यूजीन इथून ‘अ‍ॅस्ट्रल’ नावाच्या रिम निघाल्या. स्पोक मात्र अमेरिकी चाकातही अनेकदा बेल्जियमच्या सापिमचे किंवा स्वित्झर्लंडच्या डीटी स्विसचे असतात. टोकापासून टोकापर्यंत अमेरिकी चाक ही दुर्मीळ गोष्ट आहे.

देशी बनावटीचा खरा फायदा दुरुस्तीत दिसतो. बनवणारा जवळ असेल तर बेअरिंग, सील, रिम असे सुटे भाग लवकर मिळतात आणि हब कारखान्यात पाठवून दुरुस्त करून घेता येतो. उलट कारखाना लहान असेल तर एखादे मॉडेल बंदही पडू शकते. तेव्हा ज्याची जागा दुसऱ्या कंपनीचा भाग सहज घेऊ शकेल अशीच रचना निवडावी. ३२ भोकांचा हब आणि वाकणाचे साधे स्पोक असले की रिम कोणत्याही कंपनीची चालते. नव्या रिमचा स्पोक बसण्याचा व्यास जुन्याइतकाच असेल तर कधीकधी जुने स्पोकही वापरता येतात.

खरेदीपूर्वी विचारायचे प्रश्न

१. रिमची आतली रुंदी किती? माझ्या टायरला ती चालेल का?
२. स्वार आणि सामान मिळून किती वजनाची मर्यादा कंपनीने दिली आहे?
३. रिम, हब आणि स्पोक नेमके कुठे बनले? चाक कुणी बांधले?
४. स्पोकचा ताण मोजून दिला आहे का? सुरुवातीच्या वापरानंतर पुन्हा तपासून मिळेल का?
५. एक रिम किंवा एक स्पोक सुटा मिळतो का?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर गुळमुळीत आले तर दुसरे दुकान पाहावे. उत्तम भाग घाईने बांधले तर वाया जातात आणि मध्यम प्रतीचे भाग चांगल्या कारागिराच्या हातून वर्षानुवर्षे चालतात.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी सायकलस्वारांना वरचे पर्याय थेट उपयोगी आहेत. महाराष्ट्रात राहणाऱ्यांनी अमेरिकी हब मागवायचे ठरवले तर सीमाशुल्क आणि सुट्या भागांची वाट पाहणे, दोन्ही हिशेबात धरावे. निवडीची तत्त्वे मात्र तीच राहतात. सह्याद्रीतल्या मुरमाच्या रस्त्यांवर आणि पावसाळी चिखलात चांगले सील असलेला हब, पितळी निपल आणि मागे ३२ स्पोक यांना पर्याय नाही. आपल्या शहरात कोणत्या रिमचे आणि स्पोकचे सुटे भाग मिळतात, ते आधी विचारावे आणि मगच चाक ठरवावे.

पैसे मोजके असतील तर ते या क्रमाने खर्च करा : आधी चांगला कारागीर, मग मजबूत रिम आणि पुरेसे स्पोक, त्यानंतर हब. देशी शिक्का या तिन्हींबरोबर मिळत असेल तर जरूर घ्या, पण केवळ शिक्क्यासाठी यातले काही सोडू नका.