काचेचे कुंड आणि निवण्याचा काळ

पांढुर्ण्यातील आमचे नवे घर बांधून झाले, तेव्हा खिडक्यांच्या काचेचा एक मोठा तुकडा उरला. पुतण्याकडे मातीची भांडी भाजण्याची विजेची भट्टी होती. त्या काचेचेच हात धुण्याचे कुंड करावे आणि वास्तुशांतीस येणाऱ्या पाहुण्यांपुढे मिरवावे, असा बेत आम्ही दोघांनी केला.

कृती सोपी वाटते. सहा मिलिमीटर जाडीच्या काचेची दोन सारखी वर्तुळे कापून, स्वच्छ धुऊन एकावर एक ठेवायची. दोन्ही एकाच काचेची हवीत. निरनिराळ्या काचा निवताना कमीअधिक आकसतात आणि सांध्यातच तडकतात. भट्टीच्या फरशीला चिनी मातीचा लेप द्यायचा, म्हणजे काच चिकटत नाही. उष्णता हळूहळू 820 अंश सेल्सियसच्या आसपास नेली की दोन्ही वर्तुळे एकजीव होतात. ही चकती निवल्यावर लेप दिलेल्या भाजक्या मातीच्या साच्यावर ठेवून पुन्हा भट्टीत घालायची. साच्याच्या तळाशी कोंडलेली हवा जाण्यास छिद्र हवे. सुमारे 680 अंशांवर काच आपल्याच भाराने झोळीसारखी लवते आणि साच्यात बसते. पाणी जाण्याचे छिद्र शेवटी, काच पाण्यात ठेवून, हिऱ्याच्या टोकाच्या गिरमिटाने पाडायचे.

इथवर सारे साधले. परंतु वास्तुशांत दोन दिवसांवर आलेली. मापक 250 अंश दाखवीत असतानाच आम्ही भट्टीचे झाकण उघडले. ‘टण्’ असा आवाज झाला आणि कुंडाची दोन शकले झाली.

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, “सूनबाई, पुरण निवल्याशिवाय पोळी लाटली तर ती फाटायचीच.”

त्यांच्या बोलण्यात शास्त्रच होते. काचेचा पृष्ठभाग आधी गार होऊन आकसतो. आतला भाग मात्र तापलेलाच राहतो. ही ओढाताण काचेला सोसवत नाही. कधी ती तत्काळ तडकते, तर कधी ताण पोटात दडवून महिनोन्‌महिने तशीच राहते आणि एखाद्या दिवशी निमित्तमात्राने फुटते. म्हणून काच ठरावीक उष्णतेवर थांबवून सावकाश निववावी लागते. यास अनुशीतन म्हणतात.

आमच्या माजघरात सासूबाईंच्या माहेरचा प्रभाकर कंदील टांगलेला आहे. 1908 साली तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला; 1916 साली ओगले बंधूंनी कऱ्हाडजवळ आपला कारखाना काढला आणि त्या वसाहतीस ओगलेवाडी हे नाव पडले. प्रभाकर कंदील तिथलाच. आत ज्योत आणि बाहेर गार वारा सोसणारी ती काचही अशीच सावकाश निवल्याशिवाय टिकली नसती, हे त्या दिवशी प्रथमच मनात आले.

वास्तुशांतीस पाहुण्यांनी घंगाळातल्या पाण्यानेच हात धुतले. पुढे उरलेल्या काचेतून दुसरे कुंड केले. या वेळी भट्टी 540 अंशांवर दोन तास थांबविली, मग ताशी 40 अंशांनी 400 पर्यंत उतरविली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत झाकणास हात लावला नाही. ते कुंड आज जेवणघरात आहे. त्यात उकळते पाणी मात्र आम्ही कोणालाच ओतू देत नाही.